छोटं इंजिन, जास्त पॉवर आणि पहाटेची फुलं

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं होतं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवून मागितलेला आहे. छोट्या गाडीची पॉवर वाढवायची कशी? आणि वाढवल्यावर ती गाडी रोज सकाळी पहिल्या चावीत चालू होईल का? यातला पहिला प्रश्न सगळे विचारतात. दुसरा फार कमी जण विचारतात, म्हणून आज दोन्ही एकत्र घेऊ.

मी मेकॅनिक नाही. बीटेक केलं, आता कोड लिहून पोट भरतो. पण गाडीतलं आजचं इंजिन अर्धं लोखंडाचं आणि अर्धं सॉफ्टवेअरचं असल्यामुळे थोडं बोलायचा हक्क मला आहे असं समजा.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असाल तर तेवढं घेऊन जा. पॉवर वाढवता येते. पण इंजिनातून जास्तीची जी पॉवर काढाल, तिच्याबरोबर जास्तीची उष्णता आणि जास्तीचा दाब येतोच. तो दाब आणि ती उष्णता कुठे जाणार, हे ज्याने आधी ठरवलं त्याची गाडी टिकते. ज्याने नाही ठरवलं, त्याच्या गाडीत ते हेड गॅस्केट नाहीतर पिस्टन ठरवतो.

आता प्रत्यक्ष केस घेऊ. आमच्या निर्मळमधलीच आहे. माझ्या मामेभावाकडे २०१२ ची अल्टो के-१० आहे. घरात तेवढी एकच गाडी. वाडीत सोनचाफा आहे. पहाटे फुलं खुडायची, टोपल्या भरायच्या, गाडीत टाकून नालासोपारा स्टेशन गाठायचं आणि लोकलने दादरच्या फूलबाजारात. ज्यांच्या घरात फुलांचा धंदा आहे त्यांना सांगायला नको, लोकल चुकली की बाजार चुकला, आणि चाफा काही दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. हीच गाडी शनिवार-रविवारी चार मित्रांना घेऊन मनोर, विक्रमगड करत जव्हारला जाते. घाटात एसी चालू असेल तर गाडी उठत नाही. मित्र मागून चिडवतात. मग याच्या डोक्यात टर्बो शिरला. एका गॅरेजवाल्याने याला सांगितलं, "शंभर बीएचपी करून देतो, काही होत नाही." बोनस हातात होता. याने मला फोन केला, "दादा, करू का?"

"काही होत नाही" हे वाक्य तपासायला आपण थोडं मागे जाऊ.

एक साधा आकडा लक्षात ठेवा: एका लिटर इंजिनामागे किती पॉवर निघते. पीएस आणि बीएचपीमध्ये दीड टक्क्याच्या आसपास फरक असतो, आज तो सोडून देऊ.

मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आठवा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. इंजिन १०८९ सीसी, पॉवर सुमारे ४० बीएचपी. म्हणजे लिटरमागे ३७. हे १९३७ पासून चालत आलेल्या फियाट ११०० च्या घराण्यातलं इंजिन. त्याच्यावर ताणच इतका कमी की कुठल्याही मिस्त्रीने कुठल्याही फुटपाथवर दुरुस्त करावं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत अधिकृतपणे चालली, तीसुद्धा वीस वर्षांची मुदत संपली म्हणून थांबली.

मग १९८३ ला मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. तिच्या साध्या मॉडेलची पॉवर ३७ बीएचपी धरा. लिटरमागे ४६. २००० च्या सुमारास त्याच ७९६ सीसीमध्ये सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय आलं, पाच गिअर आले, आणि पॉवर ४५ च्या आसपास गेली. सीसी तेवढेच. इंजिनाला श्वास घ्यायला मोठी वाट मिळाली आणि पेट्रोल मोजून मिळायला लागलं, एवढाच फरक.

२०१० ला अल्टो के-१०. ९९८ सीसी, ६८ पीएस, टॉर्क ९० न्यूटन मीटर. लिटरमागे ६८. पद्मिनीच्या जवळजवळ दुप्पट.

आणि २०१७ ला बलेनो आरएस. सीसी पुन्हा ९९८, पण १०२ पीएस आणि १५० न्यूटन मीटर. लिटरमागे १०२.

माझ्या मामेभावाचा युक्तिवाद इथूनच सुरू होतो. "बघ, ९९८ सीसीतून मारुतीच १०२ काढते. मग माझ्या ९९८ मधून का नाही?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून मारुतीने १०२ काढताना काय काय बदललं ते बघू.

पहिलं म्हणजे इंजिनच वेगळं. बूस्टरजेट हे टर्बोसाठी म्हणून डिझाइन केलेलं इंजिन आहे. पिस्टन, रॉड, क्रँक, सगळं जास्त दाब धरून काढलेलं. दुसरं, त्यात पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं. पेट्रोलची वाफ होताना ते आतली हवा थंड करतं, आणि हवा थंड राहिली की नॉकिंगचा धोका कमी होतो. तिसरं, टर्बोने दाबलेली हवा तापते म्हणून ती इंजिनात जाण्याआधी थंड करायला इंटरकूलर. चौथं, आणि हे मला सगळ्यात आवडतं, आरएसला मागेही डिस्क ब्रेक दिले. साध्या बलेनोला मागे ड्रम होते. म्हणजे पळायची ताकद वाढवताना थांबायची ताकदही वाढवली.

अजून एक गोष्ट. हेच इंजिन युरोपात १११ पीएस आणि १७० न्यूटन मीटर देत होतं. इथे आणताना कंपनीने ते १०२ आणि १५० वर ठेवलं. ज्यांनी इंजिन बनवलं, ज्यांच्याकडे सगळ्या टेस्टचा डेटा आहे, त्यांनी आपल्याकडे विकताना हात आखडता घेतला. आणि आपला गॅरेजवाला दुसऱ्याच, टर्बोसाठी न बनवलेल्या इंजिनावर म्हणतो, काही होत नाही.

आता उष्णतेचा हिशोब करू. अगदी ढोबळ, पण डोळे उघडणारा. पेट्रोल जाळल्यावर जी ऊर्जा निघते तिचा साधारण एक तृतीयांश भाग चाकांसाठी मिळतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि साधारण तेवढाच कुलंट आणि रेडिएटरवर पडतो. अल्टोचे ६८ पीएस १०० वर नेले, तर ३२ पीएस वाढले. म्हणजे साडेतेवीस किलोवॅट. त्या हिशोबाने पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना रेडिएटरवरही साधारण तेवढीच जास्तीची उष्णता येणार. घरातला गीझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे अल्टोच्या त्या छोट्या रेडिएटरवर जास्तीचे दहा-बारा गीझर लावल्यासारखं झालं. जव्हारच्या चढावर, मे महिन्यात, पाच माणसं आणि एसी. विचार करा.

दुसरा धोका नॉकिंगचा. हा शब्द सगळे वापरतात, तो नीट समजून घेऊ. स्पार्क प्लगने ठिणगी टाकली की आग प्लगपासून सुरू होऊन शिस्तीत पसरली पाहिजे. पण दाब आणि तापमान फार वाढलं तर कोपऱ्यातलं मिश्रण, आग पोहोचण्याआधीच, आपलं आपण पेटतं. तो धक्का पिस्टनवर हातोड्यासारखा बसतो. बाहेर आपल्याला बारीक खडखड ऐकू येते, डब्यात खडे हलवल्यासारखी. ही खडखड सुरू राहिली तर आधी प्लग, मग पिस्टनची कड, मग रिंग. पेट्रोलचं ऑक्टेन म्हणजे हे आपोआप पेटणं टाळायची क्षमता, बाकी काही नाही. त्यामुळे साध्या इंजिनात महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं म्हणून पॉवर वाढत नाही. इंजिन ते ऑक्टेन वापरायला बनवलेलं असेल तरच त्याचा फायदा.

आता येतो माझा प्रांत. रिमॅप.

ईसीयूच्या आत मोठमोठे तक्ते असतात. इतका आरपीएम, इतकी हवा, इतकं तापमान असेल तर इतकं पेट्रोल टाक आणि इतक्या अंशावर ठिणगी टाक. रिमॅप म्हणजे या तक्त्यांतले आकडे बदलणं. टर्बो गाडीत रिमॅपने मोठा फरक पडतो, कारण टर्बोला "अजून जोरात हवा भर" असं सांगता येतं. अल्टो के-१० सारख्या बिनटर्बोच्या इंजिनात हवा तर बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने जेवढी येईल तेवढीच. आकडे बदलून हवा वाढत नाही. थोडं ठिणगीचं टायमिंग पुढे ओढता येतं, थोडं पेट्रोल वाढवता येतं, हाती लागतं ते किरकोळ.

आणि ते टायमिंग कंपनीने मागे का ठेवलेलं असतं? आम्ही सर्व्हर चालवतो तेव्हा त्याला शंभर टक्के लोडवर कधी ठेवत नाही. साठ-सत्तरवर ठेवतो. नवीन आलेला मुलगा म्हणतो, तीस टक्के वाया चाललंय. मग दिवाळीच्या सेलला ट्रॅफिक येतो आणि त्याला कळतं ते तीस टक्के कशासाठी होते. इंजिनाचंही तेच. कंपनीला माहीत नसतं की गाडी लडाखला जाणार की वसईला, कुठल्या पंपावरचं पेट्रोल मिळणार, मालक ऑइल वेळेवर बदलणार की नाही. त्या सगळ्यासाठी जागा सोडलेली असते. रिमॅप करणारा ती जागा खातो. त्यामुळे ते करायचंच असेल तर ती जागा तुम्ही कशाने भरून काढणार ते ठरवा: ऑइल लवकर बदलणार, प्लग लवकर बदलणार, खात्रीच्या पंपावरच भरणार. आणि कोणी "दहा बीएचपी वाढले" म्हणालं तर कामाच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही डायनोचे कागद मागा. कागद नसेल तर ती पॉवर फक्त आवाजात वाढलेली असते.

आवाजावरून आठवलं. कोन फिल्टर. आपल्याकडे हे पहिलं मॉडिफिकेशन असतं, कारण स्वस्त आहे आणि गाडी घशातून ओरडायला लागते. पण बघा काय होतं. कंपनीचा एअर फिल्टर बाहेरची गार हवा ओढतो. उघडा कोन फिल्टर बोनेटच्या आत बसवला की तो इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. बाहेर ३० अंश आणि बोनेटखाली ६० अंश असेल तर ती हवा ९ टक्के विरळ असते. विरळ हवा म्हणजे कमी ऑक्सिजन, म्हणजे कमी पॉवर. पैसे देऊन पॉवर कमी केली.

मग काही हुशार मंडळी तो फिल्टर खाली बंपरमागे नेतात, गार हवेसाठी. कोरड्या गावात ठीक. आपल्याकडे? जुलै २०१८ आठवतोय ना, नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले होते, गाड्या अडकल्या होत्या. रस्त्यावर गुडघाभर पाणी येणं ही वसई-विरारमध्ये दर पावसाळ्यातली गोष्ट. फिल्टर खाली असेल तर इंजिन पाणी पिणार. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन खोलायचं काम. अशा वेळी गाडी पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. हे एक वाक्य मित्राला फॉरवर्ड करा.

बरं, मग करायचं काय? आम्ही मामेभावाच्या गाडीचं काय केलं ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी मोजलं. पहाटे, सरळ मोकळ्या रस्त्यावर, दोघे जण: एक चालवणारा, एक फोनवर वेळ मोजणारा. चौथ्या गिअरमध्ये ४० ते ८० जायला किती सेकंद? आलं १६. हा आकडा लिहून ठेवला. पॉवर वाढली की नाही हे मनाला विचारायचं नाही, घड्याळाला विचारायचं.

मग बघितलं की जे ६८ पीएस कंपनीने दिले होते त्यातले किती शिल्लक आहेत. इतकी वर्षं जुनी गाडी, खाऱ्या हवेत उभी असलेली. कॉम्प्रेशन टेस्ट केली. तिन्ही सिलिंडरचे प्लग काढायचे, गेज लावायचं, स्टार्टर मारायचा. तिन्हींचे आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एखादा बराच कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा वाढला तर रिंग झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट. आमचे तिन्ही बरोबर आले, म्हणजे इंजिन आतून ठणठणीत. मग दम गेला कुठे?

क्लच. चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम चढायचा आणि वेग मागून यायचा. क्लचप्लेट सरकत होती. एका प्लगचा गॅप वाढलेला. मागचं एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर जड: ब्रेक धरून होता. टायरमध्ये हवा २२, असायला हवी त्याच्यापेक्षा बरीच कमी. थ्रॉटल बॉडीत काजळी. बॅटरीच्या अर्थिंगला गंज. यातला एकही प्रकार मोठा नाही. पण सगळे मिळून ती गाडी पाच-सात माणसं जास्त बसल्यासारखी ओढत होती.

क्लच सेट बदलला, प्लग तिन्ही नवे, ब्रेक साफ, हवा भरली, थ्रॉटल बॉडी साफ केली, अर्थिंग घासून घट्ट केलं. कुलंट बदललं आणि रेडिएटरच्या जाळीतला कचरा काढला. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. परत तोच रस्ता, तेच दोघे. १६ चे १३ सेकंद झाले.

मग मी त्याला म्हटलं, आता हेच तिसऱ्या गिअरमध्ये कर. ९ सेकंद.

इथे तो गप्प झाला. म्हणून हे जरा समजावून सांगतो. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. अल्टोचे ६८ पीएस ६२०० आरपीएमला मिळतात. २००० आरपीएमला टॉर्क ८० न्यूटन मीटर धरला तरी पॉवर येते फक्त २३ पीएस. आपण घाटात चौथ्यात गाडी रेटत असतो, आरपीएम २००० वर, आणि म्हणतो गाडीत दम नाही. दम आहे, तो वरच्या मजल्यावर आहे. गिअर उतरवून आरपीएम ४००० वर आणला की तीच गाडी दुपटीच्या जवळ पॉवर देते. ॲव्हरेजच्या भीतीने आपल्याकडे घराघरांत "लवकर टॉप टाक" शिकवलंय. सपाट रस्त्यावर ते बरोबरच आहे. घाटात आणि ओव्हरटेक करताना गिअर उतरवायचा. छोटं इंजिन ४००-५०० जास्त आरपीएमने मरत नाही. कमी आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून थरथरवत चढवलं तर मात्र त्याला त्रास होतो, नॉकिंगही तिथेच जास्त होतं.

सीएनजीवाल्यांसाठी एक वेगळा आकडा. आपल्या पट्ट्यात तुम्हीच जास्त आहात. २०२२ च्या नव्या अल्टो के-१० मध्ये तेच इंजिन पेट्रोलवर ६७ पीएस देतं आणि सीएनजीवर ५७. टॉर्क ८९ चा ८२. गॅस सिलिंडरमध्ये जागा व्यापतो, तेवढी हवा कमी शिरते, म्हणून हे होतं. वर टाकीचं वजन. म्हणजे सीएनजी गाडीला घाटापुरतं दहा पीएसचं अपग्रेड पाहिजे असेल तर डॅशबोर्डवरचं बटण दाबा आणि पेट्रोलवर या. काम झाल्यावर परत गॅस.

तुमच्यापैकी जे इंजिनिअरिंगला आहेत त्यांना बाहा एसएईइंडिया माहीत असेल. कित्येक वर्षं तिथे प्रत्येक टीमला तेच ३०५ सीसीचं, १० एचपीचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन दिलं जायचं आणि त्याची पॉवर वाढवायला बंदी. तरी एक टीम चिखलातून चढायची आणि दुसरी अडकायची. सगळा फरक वजनात, गिअरिंगमध्ये आणि चालवणाऱ्यात. आपल्या गाडीच्या डिकीत कायम पडून असलेलं तीस किलो सामान काढणं हेही त्याच यादीतलं काम आहे.

आता कायद्याचं बोलू, कारण यावर अर्धवट माहिती खूप फिरते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर कंपनीने दिलेली जी मूळ माहिती आहे तिच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद करणं वेगळं. गुपचूप टर्बो बसवणं वेगळं. आणि दंडापेक्षा मोठा प्रश्न विम्याचा. न कळवलेला बदल केलेली गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनीला क्लेमवर बोट ठेवायला कारण मिळतं. समोरच्याला लागलं असेल तर ते प्रकरण घराला बुडवू शकतं.

ब्रेकचाही हिशोब सांगतो. ८० च्या ऐवजी १०० ने जाणारी तीच गाडी थांबवायला ५६ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. कारण वेगाचा वर्ग होतो. अल्टोची १३ इंची चाकं, मागे ड्रम. पॉवर वाढवणारा माणूस ब्रेकचं नाव काढत नसेल तर त्याच्याकडून निघा.

ज्यांना खरंच शर्यतीचं वेड आहे, त्यांना मी नावं ठेवत नाही. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा होतात, तिथे रांगेत उभे राहा. पण ते लोक काय करतात तेही बघा. शर्यतीची गाडी वेगळी असते. ती ट्रेलरवरून येते आणि ट्रेलरवरून जाते. तिचं इंजिन वारंवार उघडतात आणि बांधतात. ती पहाटे फुलं घेऊन स्टेशनला जात नाही.

तरीही कोणाला रोजच्या गाडीत जास्त पॉवर हवीच असेल तर माझा क्रम असा. आधी मोजा. मग हरवलेली पॉवर परत मिळवा. मग गिअर वापरायला शिका. मग टायर आणि ब्रेक चांगले करा. एवढं करून समाधान नसेल तर टर्बोसाठीच बनवलेली सेकंडहँड गाडी बघा: पिस्टनपासून ब्रेकपर्यंत सगळा हिशोब कारखान्यातच झालेला असतो, आरसी साफ असते, आणि बोनस वाया जात नाही. टर्बो गाडी घेतलीत तर ऑइल वेळेवर बदला, कारण टर्बोचा शाफ्ट त्याच ऑइलवर तरंगत फिरतो. ऑइलला उशीर केला की आधी टर्बो जातो.

मामेभावाचं काय झालं? टर्बो बसवला नाही. क्लच आणि बाकी कामाला बोनसचा छोटा भाग गेला. उरलेल्यातून पुढचे डिस्क पॅड आणि चार टायर. कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेत गाडी तासभर पहिल्या गिअरमध्ये सरकत होती, टेम्परेचरचा काटा जागचा हलला नाही. जव्हारच्या घाटात तो आता तिसऱ्यात चढतो. मित्र अजूनही चिडवतात, कारण त्यातल्या एकाने मधल्या काळात टर्बो गाडी घेतली. पण चार महिन्यांत एकही लोकल चुकलेली नाही.

पुढच्या भागात सीएनजी किटबद्दल सविस्तर बोलू: कोणती तपासणी कधी, आणि व्हॉल्व्हचं काय होतं. तोवर तुमच्या गाडीचे तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमधले ४० ते ८० चे सेकंद मोजून पाठवा. मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेत, आणि घड्याळ बाजूला बसलेल्याच्या हातात. भेटू.